कर्ण, वळिवडे आणि चांदीचा एक चमचा

कर्णाच्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकर जरा पक्षपाती. 'मृत्युंजय' लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, 'राधेय' लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे. दोन्ही गावं याच जिल्ह्यातली. त्यामुळे कर्ण हा जणू आपल्याच भावकीतला, अशा थाटात इथं त्याच्याविषयी बोललं जातं. राधानगरीत मी मराठी शिकवायचे त्या सगळ्या वर्षांत तो कुठल्या ना कुठल्या निमित्तानं वर्गात यायचा आणि आला की मी निकाल देऊन मोकळी व्हायचे. कुंतीनं जन्म दिला, राधेनं वाढवलं. वाढवते ती आई, विषय संपला. कुंती भेटायला येते आणि कर्ण तिच्याबरोबर जात नाही, या ठिकाणी पोरं खूश व्हायची. मीही व्हायचे.

हा निकाल वर्गापुरता राहिला नाही. आमच्या नात्यात एका जोडप्यानं बाळ दत्तक घेतलं. बारशाच्या दिवशीच स्वयंपाकघरात कुजबुज सुरू झाली, मोठा झाल्यावर त्याला सांगायचं की नाही. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "सांगायलाच पाहिजे अक्का, आज ना उद्या कळतंयच." मी म्हटलं, "कशाला? ज्या घरात वाढणार ते त्याचं घर. पोराच्या डोक्यात भुंगा कशाला सोडायचा?" मी वयानं मोठी, त्यात बाई शिक्षिका. माझंच खरं झालं.

आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कसं बदललं ते सांगायचं तर वळिवड्यापासून सुरुवात करावी लागेल.

वळिवड्याची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित इथं आले. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० माणसं वळिवड्याच्या छावणीत राहिली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. आमच्या धरणातून सुटणारं पाणी भोगावतीतून पंचगंगेत जातं आणि तीच पंचगंगा पुढं वळिवड्याच्या अंगानं वाहते, एवढाच आम्हा राधानगरीकरांचा त्या छावणीशी भूगोलातला संबंध. माझा आणखी एक संबंध होता. माझ्या सासूबाईंचं माहेर रुकडीचं. त्यांनी लहानपणी ती गोरी पोरं पाहिलेली. त्या सांगायच्या, केस सोनेरी, पाय अनवाणी, बाजारात मोडक्या मराठीत घासाघीस करायची. आणि मग न चुकता एक वाक्य यायचं, "पोरं लई गुणाची व्हती, पन मिसळायची न्हाईत बघ. त्येंचं सगळं येगळं."

खरंच सगळं वेगळं होतं. त्यांची शाळा पोलिश, चर्च पोलिश, नाटकं पोलिश, बालवीर-वीरबाला पथकंसुद्धा पोलिश. मी ही गोष्ट मुलांना सांगताना हा भाग गाळायचे. संकटात सापडलेल्या पोरांना करवीरनगरीनं पोटाशी धरलं आणि ती सुखानं राहिली, इथं माझी गोष्ट संपायची. महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ दाखवायचा, पाच वर्षं राहून गेलेली माणसं म्हातारपणी इथं परत येतात हे सांगायचं, झालं. माझ्या त्या निकालाला वळिवडे अगदी फिट्ट बसायचं. जिथं माया मिळाली ते घर.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी वंदन केलं. त्या बातमीवर वक्तृत्वाची तयारी करायला एक मुलगी माझ्याकडं आली. निवृत्त झाले तरी भाषणं तपासून घ्यायला मुलं येतात. सगळं लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "बाई, मग ती पोरं घरी गेली का?" मी म्हटलं, गेली असतील की. ती म्हणाली, "असतील की गेली?" भाषणाच्या स्पर्धेत असला प्रश्न कुणी विचारत नाही. पण मी वाचायला घेतलं.

घरी जायला बहुतेकांना घर उरलेलंच नव्हतं. ही माणसं पूर्व पोलंडमधली. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून तिथल्या कुटुंबांना गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात पाठवायला सुरुवात झाली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला तेव्हा स्टालिनला पोलंडची गरज पडली, कैद्यांना सोडलं गेलं, आणि १९४२ मध्ये जनरल आंदर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. तिथून काही आफ्रिकेत गेली, काही आपल्याकडं. अनाथ मुलांसाठी जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांच्या आश्रयानं छावणी होती. ती बंद झाली तेव्हा तिथली मुलंही वळिवड्यालाच आली. युद्ध संपलं तोवर याल्टाच्या बैठकीत पोलंडची सरहद्द पश्चिमेकडं सरकली होती. यांची गावं सोव्हिएत संघात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. मग वळिवड्यातून कुणी इंग्लंडला गेलं, कुणी कम्युनिस्ट पोलंडमध्ये, कुणी आणखी कुठं. छावणीतल्या एका मुलीनं कोल्हापुरी तरुणाशी लग्न केलं आणि ती मराठी नाव घेऊन इथलीच झाली. रिकाम्या छावणीत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आज लग्नाचं कापड घ्यायला आपण तिथंच जातो.

हे वाचता वाचता मी पोलंडच्या दुसऱ्या मुलांपर्यंत पोचले, ज्यांच्याकडं आमच्या स्मृतिस्तंभाचं तोंड नाही. ज्यू मुलं. अॅन फ्रँक मला माहीत होती, तिची डायरी आपल्याकडं घरोघरी वाचली जाते. पण अॅन आईवडिलांबरोबर लपली होती. ही मुलं आईवडिलांवाचून लपवली होती, आणि माळ्यावर किंवा तळघरात नव्हे. चारचौघांत, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याचं नाव लावून.

त्यांतल्या एकीचं आजचं नाव एल्झ्बिएता फित्सोव्स्का. जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या गेटोतून, म्हणजे भिंतीआड ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, तिला बाहेर काढलं तेव्हा ती सहा महिन्यांची होती. त्याच महिन्यात गेटोतली माणसं गाड्या भरभरून त्रेब्लिंका इथल्या मृत्युछावणीत न्यायला सुरुवात झाली होती. भिंतीबाहेर विटा घेऊन जाणाऱ्या गाडीत, विटांच्या मधोमध, हवेसाठी भोकं पाडलेली एक लाकडी पेटी होती. झोपेचं औषध देऊन बाळाला तीत ठेवलं. पेटीत बाळाबरोबर आणखी एक वस्तू होती, चांदीचा छोटा चमचा. त्याच्या एका बाजूला लाडाचं नाव कोरलेलं, एल्झुनिया. दुसऱ्या बाजूला जन्मतारीख, ५ जानेवारी १९४२. स्तानिस्वावा बुसोल्दोवा नावाच्या सुईणीनं तिला वाढवलं, तिचा बाप्तिस्मा केला, तिच्यावर जीव लावला. गेटोतून खऱ्या आईचा अधूनमधून फोन यायचा, बाळाचे बोबडे आवाज ऐकायला. मग फोन थांबले. मुलीला हे सगळं कळलं ते वयाच्या सतराव्या वर्षी.

मी कितीतरी वेळ त्या चमच्यापाशीच अडकून राहिले. आईनं नाव कोरून घ्यायला कुणा सोनाराला दिलं असेल, तेव्हा बाहेर माणसं मरत होती. दागिने विकून भाकरी घ्यायचे ते दिवस. अशा वेळी चांदीवर नाव-तारीख कोरलेली ठेवायची ती कशासाठी? वाढवणारीनं दिलेलं नाव पुरेसं आहे, असं त्या आईला वाटलं नाही. मूल जगावं एवढंच मागून ती थांबली नाही. ते कोण आहे हे त्याला कधीतरी कळावं, हेही तिनं मागितलं.

आणि ज्यांनी वाचवलं त्यांनाही ते पुरेसं वाटलं नव्हतं. इरेना सेंडलर या वॉर्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यातल्या बाई. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेटोतून बाहेर काढलेल्या आणि लपवलेल्या मुलांचा आकडा २५०० च्या आसपास सांगितला जातो. जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये ज्यूला आसरा देण्याची शिक्षा होती मृत्यू. मुलांना नवी नावं दिली जात. मध्यरात्री उठवून विचारलं तरी म्हणता यावी म्हणून ख्रिस्ती प्रार्थना पाठ करून घेतली जाई. इतकं सगळं पुसायचं आणि त्याच वेळी सेंडलरबाई पातळ कागदाच्या पट्ट्यांवर मुलाचं खरं नाव आणि नवं नाव लिहून ठेवत होत्या. बरणीत घालून ते कागद एका सहकारी बाईच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरले. ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापोनं त्यांना पकडलं, पाव्याक तुरुंगात मारहाण केली. त्यांनी नावं सांगितली नाहीत. युद्धानंतर त्या याद्या ज्यू समितीकडं गेल्या. बहुतेक आईबाप तोवर त्रेब्लिंकात संपलेले होते.

माझ्या निकालाला हे कागद आड येऊ लागले. वाढवते ती आई आणि विषय संपला, असं असतं तर त्या याद्या म्हणजे वेडेपणा. एक यादी सापडली असती तर शेकडो मुलं आणि त्यांना ठेवून घेणारी घरं, सगळी गेली असती. तरीही ती ठेवली. ज्या बाईला मुलाचा जीव वाचवण्याची किंमत माझ्यापेक्षा हजारपट जास्त कळत होती, तिनंच जीव वाचला म्हणजे काम झालं असं मानलं नाही.

तरी मी सहजासहजी हललेली नाही, आणि का ते सांगते. वाढवणारीची बाजू लंगडी नसते. एब्राहम फॉक्समन हे पुढं अमेरिकेतल्या ज्यूंच्या एका मोठ्या संघटनेचे प्रमुख झाले. त्यांना विल्नोमध्ये ब्रोनिस्वावा कुर्पी या कॅथलिक दाईनं आपलं मूल म्हणून लपवलं, बाप्तिस्मा करून घेतला. त्यांचे आईवडील चमत्कारानं वाचले आणि परत आले, तेव्हा दाई मूल द्यायला तयार होईना. प्रकरण कोर्टात गेलं. पोरगं चर्च दिसलं की क्रूस काढायचं, धर्मगुरूंचा हात चुंबायचं आणि ज्यूंवर थुंकायला शिकलेलं होतं. वडिलांनी त्याला ओरडून काही सोडायला लावलं नाही. हळूहळू, सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये नाचगाणं बघायला नेत नेत आपल्याकडं वळवलं. ही गोष्ट वाचताना माझा जीव दाईसाठी तुटत होता. अजूनही तुटतो. कर्णाच्या राधेला कुणी कोर्टात ओढलं नव्हतं.

फ्रान्समधल्या फिनाली बंधूंची गोष्ट तर याहून ताणलेली. आईवडील आउशवित्झमध्ये मारले गेले, सांभाळणाऱ्या बाईनं १९४८ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा केला, नातेवाइकांना द्यायला नकार दिला, आणि १९५३ मध्ये कोर्टाचा निकाल विरुद्ध गेल्यावर मुलांना लपवून स्पेनमध्ये नेलं. शेवटी ती आत्याकडं इस्रायलला गेली. वाचवणं आणि ताबा यांच्यामधली रेघ इथं मलाही दिसली. पण म्हणून वाचवणारी सगळी माणसं चोर ठरत नाहीत. तसं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

मला पुरतं हलवलं ते एका धर्मगुरूनं. रोमुआल्द वाश्किनेल, जन्म १९४३, विल्नोजवळच्या श्वेंच्यानी गावचा. कॅथलिक घरात लाडात वाढला, १९६६ मध्ये धर्मगुरू झाला, लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागला. लहानपणी कुणीतरी रस्त्यात ज्यू म्हणून चिडवलं होतं. आरशात बघून आपण आईबाबांसारखे का दिसत नाही हे तो विचारायचा आणि आई विषय बदलायची. १९७८ मध्ये, वयाच्या पस्तिशीला, आईनं सांगितलं. गेटोतल्या एका बाईनं तिच्या हाती बाळ दिलं होतं. तुमचा येशूही ज्यूच होता, त्याच्यासाठी तरी हे लेकरू वाचवा, असं विनवलं होतं. पण त्या बाईचं नाव आईला आठवत नव्हतं. नाव कळायला आणखी चौदा वर्षं लागली. १९९२ मध्ये इस्रायलमध्ये एक चुलते सापडले आणि आडनाव कळलं, वेक्सलेर. तेव्हापासून ते दोन्ही आडनावं लावतात, वेक्सलेर-वाश्किनेल. २००९ मध्ये ते इस्रायलला राहायला गेले; तिथं कॅथलिक धर्मगुरू म्हणून परके आणि पोलंडमध्ये ज्यू म्हणून. वाढवणाऱ्या आईवडिलांविषयी त्यांच्या बोलण्यात कृतज्ञतेखेरीज काही नसतं.

मला वाटायचं, मूळ शोधणारा माणूस वाढवणाऱ्यांना कमी लेखतो. इथं तसं काहीच नव्हतं. राग असलाच तर तो मधल्या गप्प वर्षांचा. मे १९९१ मध्ये न्यूयॉर्कला अशा लपवलेल्या मुलांचा पहिला मोठा मेळावा झाला. सुमारे १६०० जण आले, सगळे पन्नाशी-साठीचे. तोवर यांतल्या कित्येकांना आपण युद्धात काही सोसलंय असं म्हणायचाही धीर नव्हता, कारण तुम्ही तर छावणीत गेला नाहीत, तुम्हाला तर जेवायला मिळालं, असं ऐकवलं जायचं. नशीबवान आहात म्हणून गप्प राहा. हेच मी आमच्या स्वयंपाकघरात वेगळ्या शब्दांत म्हटलं होतं.

आता सासूबाईंचं ते वाक्य मला वेगळं ऐकू येतं. वळिवड्याची पोरं मिसळली नाहीत, कारण त्यांच्या मोठ्यांनी ठरवून त्यांना मिसळू दिलं नाही. देश नकाशावरून हलला होता, बाप सैन्यात किंवा सैबेरियाच्या मातीत, म्हणून मग बांबूच्या तट्ट्यांच्या बराकीत पोलिश व्याकरण घोकून घेतलं गेलं. गाव गेलं तरी नाव राहावं म्हणून. गेटोतून निघालेल्या मुलांचं देशात राहून नाव गेलं. आम्हाला तर हे कुणी शिकवायला नको होतं. काळम्मावाडीच्या धरणग्रस्तांना आजही गाव विचारा, पुनर्वसनाच्या वसाहतीचं नाव नंतर येतं. आधी पाण्याखालचं गाव येतं. त्यामुळे नव्या गावच्या ग्रामपंचायतीचा कुणी अपमान झाला असं मानत नाही.

आणि ज्यानं आमचं धरण बांधायला घेतलं तो राजाच दत्तक. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी, दहाव्या वर्षाच्या आत, आनंदीबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते कोल्हापूरचे छत्रपती झाले. जन्मदाते वडील आबासाहेब घाटगे कोण, हे त्यांच्यापासून कुणी लपवलं नाही. कागलचे सख्खे भाऊ बापूसाहेब शेवटपर्यंत त्यांच्या जवळचे राहिले. जन्मदात्या आईचं नाव राधाबाई. त्यांच्या तिसऱ्याच वर्षी त्या वारल्या. महाराजांनी आपल्या मुलीचं नाव राधाबाई ठेवलं, आणि त्या मुलीच्या, म्हणजे आक्कासाहेबांच्या नावानं आमची राधानगरी वसली. कागल माहीत होतं म्हणून महाराज कोल्हापूरचे कमी झाले, असं म्हणायची कुणाची छाती आहे? हा माणूस रोज डोळ्यांसमोर असताना मी दाखला देत होते तो कर्णाचा.

कर्णाचाही दाखला मी अर्धाच देत होते. कर्ण राधेय राहतो ते सगळं कळल्यावर. कृष्ण त्याला युद्धाआधी गाठून जन्म सांगतो, मग कुंती येऊन सांगते, आणि मग तो ठरवतो. आपण टाळ्या वाजवतो त्या या ठरवण्याला. त्याला कुणी काही सांगितलंच नसतं, तर राधेशी राहिला यात त्याचा मोठेपणा काय उरला असता? आणि आयुष्यभर सूतपुत्र म्हणून हिणवून घेताना त्याच्यापासून हे लपवणारे सगळे शहाणे होते, असं महाभारतही म्हणत नाही.

जाऊबाईंना फोन करून मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं, सांगूया. त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्हीच त्या दोघांस्नी समजवा, तुमचं ऐकत्यात." समजावलं. मुलगा तोवर आठवीत गेला होता. आईवडिलांनी त्याला सांगितलं तेव्हा तो रडला नाही, ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मग माझा वाढदिवस खरा आहे का?" तारीख संस्थेच्या कागदावर होती. वडिलांनी कपाटातून कागद काढून दाखवला. तो कागद मध्यंतरी जाळून टाकायचं घरात ठरत होतं, हे मला नंतर कळलं.

वाढवते ती आई, हे मी आजही म्हणते. त्यापुढचं 'विषय संपला' मात्र मी काढून टाकलं आहे.

ज्यांच्या घरात दत्तक मूल आहे त्यांना माझं सांगणं आहे. मूल लहान असतानाच, गोष्टीसारखं, पुन्हापुन्हा सांगा. तेराव्या-चौदाव्या वर्षाची वाट बघू नका आणि भावकीतल्या कुणाच्या तोंडून कळू देऊ नका. संस्थेचं पत्र, दत्तकाचा आदेश, वैद्यकीय अहवाल, बाळ आलं तेव्हाचा फोटो, अंगावरचं झबलं, जे असेल ते एका पिशवीत जपून ठेवा. आपल्या दत्तक नियमावलीत मुळाचा शोध घ्यायची तरतूद आहे. अठरा पूर्ण झाली की मूल स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी तुमच्यासह. जन्मदात्या आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते मिळणार नाही, पण जेवढं देता येण्यासारखं आहे तेवढं मिळतं. अर्जासाठी दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा देशभरातलं दत्तकाचं काम बघणारी दिल्लीची 'कारा' यांच्याशी संपर्क साधता येतो. मुलाला हा पत्ता तुमच्याकडूनच कळू द्या.